हेन्री विलिस: सुताराचा पोर, ४०० पौंड आणि इंग्लंडभरचे ऑर्गन

काळी पाच

हार्मोनियमच्या धाग्यावर कुणीतरी सहज लिहून गेलं की चर्चमधला ऑर्गन (भात्याच्या हवेवर वाजणाऱ्या नळ्यांचं वाद्य) म्हणजे तरी काय, अवाढव्य पायपेटीच. तिथे विषयांतर नको म्हणून वेगळा धागा काढतोय. ऑर्गनचा समग्र इतिहास सांगायचा माझा वकूब नाही, म्हणून एकच कारागीर घेतो: हेन्री विलिस. जन्म १८२१, लंडन. मृत्यू फेब्रुवारी १९०१. व्हिक्टोरिया राणी गेली आणि तीन आठवड्यांच्या आत हाही गेला. मधल्या काळात त्याने इंग्लंडातल्या एकामागून एक कॅथेड्रलचा आवाज बदलून टाकला.

बाप सुतार. चौदाव्या वर्षी, १८३५ मध्ये, पोराला जॉन ग्रे नावाच्या ऑर्गनवाल्याकडे उमेदवारीला चिकटवलं. रंधा, सरस, चामडं आणि शिसं-कथलाच्या नळ्या यांत पुढची वर्षं गेली. एका कीबोर्डावर वाजवताना दुसऱ्या कीबोर्डाचे सूरही सोबत बोलावेत म्हणून जी जोडणी असते, तिला कपलर म्हणतात. त्याची स्वतःची पद्धत त्याने उमेदवारी करतानाच काढली आणि पुढे आयुष्यभर वापरली.

मग तीन वर्षं चेल्टनहॅमला वॉर्डल इव्हान्स नावाच्या वाद्यकाराकडे. आपल्या लोकांना रस वाटेल अशी गोष्ट इथे आहे. इव्हान्सकडे काम चालायचं ते मोकळ्या रीडच्या (हवेने हलून सूर देणाऱ्या धातूच्या पट्टीच्या) वाद्यांचं, म्हणजे आपल्या पेटीच्या जातीचं. दोघांनी मिळून तसलं दोन कीबोर्डांचं एक वाद्य केलं. त्या वाद्याच्या निमित्ताने सॅम्युअल सबॅस्टियन वेस्ली या त्या वेळच्या बड्या ऑर्गनवादकाशी विलिसची ओळख झाली. ही ओळख त्याला जन्मभर पुरली, आणि थोडी नडलीही. ते पुढे येईल.

१८४७ मध्ये ग्लॉस्टर कॅथेड्रलच्या ऑर्गनचं काम मिळालं. वय सव्वीस. ऑर्गनच्या काही नळ्या एका बंद लाकडी खोलीत ठेवतात आणि त्या खोलीला उघडमीट होणाऱ्या झडपा असतात. वादक पायाने त्या हलवतो. आवाज हळूहळू लहानमोठा करायची ऑर्गनमधली हीच एक सोय, कारण पट्टी जोरात दाबा नाहीतर हळू, नळी तेवढीच वाजते. विलिसने ग्लॉस्टरला या झडपांचा दुहेरी पडदा केला. पूर्ण मिटला की आतला आवाज इतका बारीक व्हायचा की ऐकणारे चकित. म्हातारपणी तो सांगायचा की नाव झालं ते या कामाने. ४०० पौंड मिळाले आणि तेवढ्याच्या जोरावर आपण लग्न करायचं धाडस केलं.

त्यानंतर १८५१. हाईड पार्कात काचेचा महाल उभा राहिला, जगभरच्या मालाचं प्रदर्शन भरलं. त्यात तिशीतल्या या माणसाने ७० स्टॉपचा ऑर्गन नेऊन उभा केला. (स्टॉप म्हणजे ओढायची खुंटी. एक खुंटी ओढली की एका जातीच्या नळ्यांची अख्खी रांग बोलायला लागते.) ज्यांच्याकडे उमेदवारी केली त्यांच्या पेढीचाही ऑर्गन त्याच प्रदर्शनात होता. मालकाला काय वाटलं असेल! प्रदर्शन आटोपल्यावर विलिसचा ऑर्गन थोडा छाटून १८५४ मध्ये विंचेस्टर कॅथेड्रलने घेतला. तिथे वादक कोण, तर वेस्ली. आणि लिव्हरपूल नगरपालिकेची माणसं तो ऐकून गेली होती, त्यामुळे त्यांच्या नव्या सेंट जॉर्जेस हॉलसाठी १०० स्टॉपच्या ऑर्गनचं कामही यालाच मिळालं. तो १८५५ मध्ये वाजू लागला.

पुढची यादी भराभर सांगतो. रॉयल अल्बर्ट हॉल १८७१, १११ स्टॉप, ९,०००च्या आसपास नळ्या, हवा पुरवायला वाफेची इंजिनं. त्या वेळचा जगातला सगळ्यात मोठा ऑर्गन. त्याच वर्षी ऑस्ट्रियाहून ब्रुकनर हा संगीतकार येऊन तो वाजवून गेला. लंडनचं सेंट पॉल्स कॅथेड्रल १८७२. सॉल्झबरी १८७७. ग्लासगो १८७९. कँटरबरी १८८६, तिथे तर पट्टीपासून नळीपर्यंतचा निरोप विजेने जायचा. ट्रुरो १८८७. हेरफर्ड १८९२. लिंकन १८९८. १८७८ पासून पेढीचं नाव हेन्री विलिस अँड सन्स.

आता माझं म्हणणं. विलिसबद्दल लिहिणारे आकड्यांत अडकतात: इतके स्टॉप, इतक्या नळ्या. मला वाटतं त्याचं खरं डोकं चाललं ते वाजवणाऱ्याच्या हातापायांपाशी. तो स्वतः चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा. इझ्लिंग्टनच्या एका चर्चमध्ये वर्षानुवर्षं रविवार सांभाळले, तेही एवढा कारखाना अंगावर असताना. मोठ्या ऑर्गनची जुनी रड काय होती? पट्टीपासून नळीखालच्या झडपेपर्यंत लाकडाच्या काड्या आणि दांड्या. दोन-तीन कीबोर्ड जोडले की प्रत्येक बोटाला तिप्पट ओझं. मोठं संगीत वाजवायचं तर मनगटं पैलवानाची हवीत. यावरचा उपाय बार्कर नावाच्या बाथच्या माणसाने काढला होता. पट्टीने मोठी झडप उघडायचीच नाही. तिने एका छोट्या भात्यात हवा सोडायची, आणि तो फुगलेला भाता बाकीचं ओझं ओढतो. यॉर्क आणि बर्मिंगहॅमने बार्करला दाद दिली नाही, तेव्हा तो फ्रान्सला गेला, आणि पॅरिसजवळ साँ-दनीच्या चर्चमध्ये काव्हाये-कोल या कारागिराने १८४१ मध्ये ती युक्ती वापरली. विलिसने ती इंग्लंडात परत आणून १८५१ च्या ऑर्गनला लावली. वर स्वतःची भर घातली. कीबोर्डाच्या खालच्या फळीत, अंगठा सहज पोचेल अशी बटणं. एक बटण दाबलं की ठरवलेल्या खुंट्या आपोआप पुढे-मागे. वाजवता वाजवता हात उचलून खुंट्या ओढत बसायला नको. आज इंग्लंड-अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या ऑर्गनवर जा, ही बटणं तिथेच सापडतील.

---

नाट्यवेडा

वा! सावकाश वाचला. एक बाळबोध शंका. गंधर्व कंपनीत हरिभाऊ देशपांडे जो ऑर्गन वाजवायचे तो या घराण्यातला धरायचा की पायपेटीच्या?

---

काळी पाच

पायपेटीच्या. त्यात नळ्या नाहीत, रीड आहेत आणि पायाने चालवायचा भाता आहे. खुंट्या आणि ऐटबाज लाकडी देव्हारा एवढं वरवरचं रूप चर्चमधल्या ऑर्गनवरून उचललेलं. मिरजकर इथे आहेत, रीडबद्दल त्यांनीच बोलावं.

---

मिरजकर

बोलावणं आलंच आहे तर लिहितो. पेट्या उघडून बसायचा धंदा आहे आमचा, त्यामुळे रीडवरच लिहीन. बाकी नळ्यांचं तुम्ही बघा.

आपल्या पेटीतला सूर म्हणजे पितळेची पट्टी. एक टोक पक्कं, दुसरं मोकळं, आणि खाली तिच्याहून किंचित रुंद खाच. हवा आली की पट्टी खाचेतून आरपार ये-जा करते. सूर चढवायचा तर टोकाकडे खरवडायचं, उतरवायचा तर मुळाकडे. एकदा खरवडलं की धातू परत येत नाही, म्हणून हात जपून.

ऑर्गनमध्ये सगळ्याच नळ्यांना रीड नसतं. बहुतेक नळ्या बासरी किंवा शिट्टीच्या तत्त्वावर वाजतात. पण ट्रम्पेट, ट्यूबा असल्या नावाच्या ज्या रांगा असतात त्यांच्या बुडाशी पितळेची जीभ असते. ही जीभ खाचेपेक्षा रुंद. त्यामुळे ती आत जाऊ शकत नाही, पितळी पन्हळीच्या तोंडावर आपटते. सूर लावायला खरवडायची गरज नाही. जिभेवर एक वाकडी तार दाबून बसवलेली असते. तार खाली ठोकली की हलणारा भाग आखूड होतो, सूर चढतो. वर ओढली की उतरतो.

मेख आहे ती जिभेला दिलेल्या वाकात. सपाट जीभ वाजणारच नाही. वाक कमी पडला तर आवाज बारका आणि किरटा, जास्त झाला तर पट्टी दाबल्यावर सूर यायला उशीर. आणि वाकात कुठे एक बारीक खोच राहिली तरी जीभ तिथे फटकन आपटते, सगळी नळी चरचरते. कारागीर जीभ ठोकळ्यावर ठेवून गुळगुळीत पोलादी दांड्याने दाबत दाबत वाक देतो. जीभ मुळापासून टोकापर्यंत उलगडत जाऊन टेकली पाहिजे. ही कामं विलिसच्या कारखान्यात त्याचा भाऊ जॉर्ज बघायचा, आणि हेन्री स्वतःही.

विलिसने आणखी केलं ते असं. जीभ जाड घेतली, कारण पातळ जीभ जास्त हवेत बेताल होते. जाड जीभ हलवायला हवेचा दाब वाढवला. खर्जाच्या मोठ्या जिभांच्या टोकाला पितळेची वजनं स्क्रूने बसवली. वजन आलं की जीभ संथ झुलते, खडखडत नाही, आणि सूर खाली असूनही गोल राहतो. हवेचा दाब मोजायची पद्धतही मजेची आहे: वाकड्या काचनळीत पाणी भरायचं आणि हवेने ते किती इंच ढकललं ते बघायचं. साध्या रांगांना तीन-साडेतीन इंच पुरतात. विलिसच्या मोठ्या रीडना त्याच्या कितीतरी पट लागायचे. आमच्या पेटीला इतकी हवा दिली तर सूर उखडून येतील.

म्हणून 'मोठी पायपेटी' हे विसरा. जीभ तेवढी दोन्हीकडे पितळेची.

---

शंकासूर

कारागीर थोर असेल, नाही म्हणत नाही. पण १०० स्टॉपचे ऑर्गन कोण विकत घेत होतं? लिव्हरपूल म्हणजे आधी गुलामांच्या जहाजांचं आणि मग कापसाचं बंदर. १८६१ नंतर अमेरिकेत यादवी सुरू झाली तेव्हा आपल्या मुंबईचा कापूस तिथेच ओतला जात होता आणि इथे शेअरबाजाराला वेड लागलं होतं. नगरपालिकांना आपापल्या गावाची श्रीमंती मिरवायची होती, विलिसने ती मिरवून दिली. धाग्याचं शीर्षक 'सुताराचा पोर' आहे, पण गिऱ्हाईक सगळे शेठजी.

---

मर्सीकाठची

शंकासूर, पैशाबद्दल तुमचं बरोबर, पण ऐकणाऱ्यांबद्दल नाही. मी लिव्हरपूलमध्येच राहते, सेंट जॉर्जेस हॉल अनेकदा पाहिलाय. ग्रामोफोन यायच्या आधी साध्या माणसाला मोठा वाद्यवृंद ऐकायला मिळणार कुठे? या हॉलमध्ये विल्यम थॉमस बेस्ट नावाचा वादक १८५५ ते १८९४ असा जवळजवळ चाळीस वर्षं नगरपालिकेच्या नोकरीत होता. ऑपेरांच्या सुरावटी, सिंफन्या, बाख, हँडेल, सगळं ऑर्गनवर बसवून वाजवायचा. अंगठ्याची बटणं आणि हलक्या पट्ट्या नसत्या तर ते जमलंच नसतं. वाद्यवृंदासारखे रंग झटपट बदलायचे तर खुंट्या ओढायला वेळ कुठला? तेव्हा काळी पाच यांचा मुद्दा मला पटतो, पण एक पुरवणी जोडून: यंत्र विलिसचं, त्याचा खरा वापर दाखवला बेस्टने. अल्बर्ट हॉलच्या ऑर्गनचं उद्घाटनही त्याच्याच हातून झालं.

आता वेस्लीने कुठे नडवलं ते सांगते. लिव्हरपूलच्या ऑर्गनवर सल्लागार वेस्ली. त्याच्या दोन गोष्टी. पहिली चांगली. पायाने वाजवायच्या पट्ट्या तोवर सरळ, सपाट आणि समांतर असायच्या. टोकाची पट्टी गाठायला वादकाला बाकावर घसरावं लागायचं. प्रदर्शनातल्या एका जर्मन ऑर्गनच्या पायपट्ट्या खोलगट होत्या, टोकांकडे वर चढत जाणाऱ्या. विलिसच्या मनात ते भरलं आणि वेस्लीने सुचवलं की त्या पंख्यासारख्या वादकाकडे निमुळत्याही करा. म्हणजे पाय जिथे पोचतो तिथे पट्टी आधीच आलेली. सेंट जॉर्जेस हॉलमध्ये तसा पायपट्टा बसला. पुढे इंग्लंड-अमेरिकेत तोच प्रमाण ठरला.

दुसरी गोष्ट म्हणजे स्वर लावायची पद्धत. तोवर बारा स्वर सारख्या अंतरावर लावायची रीत इंग्लंडातही रुळायला लागली होती. वेस्ली हटून बसला: नाही, जुन्या विषम पद्धतीनेच लावा. त्यात काही पट्ट्यांत गंधार इतका शुद्ध लागतो की ऐकत राहावं. आणि काही पट्ट्यांत गेलात तर अक्षरशः कानात बोटं घालायची वेळ. नगरपालिकेने वेस्लीचं ऐकलं. बेस्टला ते वाद्य तसंच बारा वर्षं वाजवावं लागलं, तेही वेगवेगळ्या पट्ट्यांतून फिरणारं संगीत! १८६७ मध्ये विलिसला बोलावून सगळा ऑर्गन समान अंतरांत लावून घेतला तेव्हा कुठे सुटका झाली.

---

मिरजकर

ताई, हे वाचून मजा आली. आमच्याकडे हाच तंटा उलट्या बाजूने झाला. पेटीचे स्वर समान अंतरावर, म्हणून गवयांना खुपतात. ठरलेले स्वर आणि मींड नाही म्हणून १९४० मध्ये आकाशवाणीने पेटी बंदच केली होती. त्याच्याही आधी, १९१० च्या सुमाराला, कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमेंट्स नावाचे इंग्रज अधिकारी बावीस श्रुतींची पेटी करण्याच्या खटपटीत होते. वेस्ली या मंडळींत बसला असता तर खूष झाला असता.

पण कारागीर म्हणून माझी सहानुभूती विलिसला. हजारो नळ्या. एकेक नळी हाताने लावलेली. बारा वर्षांनी गिऱ्हाईक म्हणतं, आता दुसऱ्या पद्धतीने लावा.

---

शंकासूर

त्याचे पैसे वेगळे मिळाले असतीलच हो.

---

बोरीबंदर

चांगला धागा. दोन प्रश्न. (१) 'फादर' विलिस का म्हणतात? पाद्री होता का? (२) आपल्याकडे त्याचा एखादा ऑर्गन आला होता का?

---

काळी पाच

पाद्री वगैरे नाही. सतराव्या शतकात बर्नार्ड स्मिथ नावाचा मोठा ऑर्गनकार होऊन गेला, त्याला फादर स्मिथ म्हणायचे. त्याच्या तोलाचा म्हणून हा फादर विलिस. शिवाय मुलगा आणि नातूही हेन्रीच आणि धंदाही तोच, तेव्हा ओळखायला सोपं. अंगाने तसा कुठेच पाद्री नव्हता: डबल बास वाजवायचा, आणि 'ओपल' नावाची स्वतःची शिडाची बोट घेऊन समुद्रावर जायचा.

भारतात कलकत्त्याच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमधला ऑर्गन विलिस पेढीचा.

---

अनुस्वार

अलेक्झांड्रा पॅलेसची गोष्ट राहिली की! उत्तर लंडनच्या टेकडीवर करमणुकीचा प्रचंड महाल बांधला, त्यात विलिसचा तेवढाच प्रचंड ऑर्गन. २४ मे १८७३ ला दार उघडलं. ९ जूनला आग लागून सगळं खाक. सोळा दिवस! दुसरा कुणी असता तर हाय खाऊन बसला असता. विलिसने दुसरा ऑर्गन बनवला आणि १ मे १८७५ ला महाल पुन्हा उघडला तेव्हा तो जागेवर होता. त्या वेळी कारखान्यात सेंट पॉल्स, अलेक्झांड्रा पॅलेस, डरहॅम, सॉल्झबरी अशी कामं एकामागून एक चालू होती. कॅम्डनमधल्या 'रोटुंडा' नावाच्या गोल इमारतीत कारखाना होता. तिथल्या सुतारांना आणि नळ्या ओतणाऱ्यांना सुट्टी कधी मिळायची कोण जाणे. पहिल्या महायुद्धात महालात कैदी आणि मग सैनिक ठेवले, त्या काळात ऑर्गनची नासधूस झाली. १९२९ मध्ये नातू हेन्री विलिस तिसरा याने तो उभा केला. पुढच्या युद्धात पुन्हा मार, १९८० मध्ये पुन्हा आग.

नळ्या कशा ओततात हे कुणी लिहील का?

---

काळी पाच

थोडक्यात लिहितो. कथील आणि शिसं एकत्र वितळवून लांबलचक सपाट मेजावर सोडतात. मेजावर कापड ताणलेलं. धातू एका लाकडी पेटीत घेऊन ती पेटी मेजावरून एका दमात पळवायची; पेटीच्या मागच्या फटीतून धातू पसरत जातो. वेग चुकला की पत्रा एकीकडे जाड, एकीकडे पातळ. गार झाला की रंधून, कापून, गोल वळवून सांधे डाखायचे. कथील जास्त तर आवाज तल्लख, शिसं जास्त तर मऊ, असा कारागिरांचा ठोकताळा. खर्जाच्या नळ्या मात्र बऱ्याचदा लाकडाच्या. सहसा सगळ्यात मोठी बत्तीस फुटांची, सेकंदाला सोळाच्या आसपास कंपनं. ती कानापेक्षा बाकाच्या लाकडातून जास्त कळते.

---

वास्तुपुरुष

सगळे कौतुक करताहेत तर विरोधी बाकावर मी बसतो. जुन्या इमारतींच्या डागडुजीशी माझा संबंध येतो, त्यामुळे सेंट पॉल्सचं प्रकरण मला खुपतं. तिथे वर उल्लेख आलेल्या फादर स्मिथचाच १६९० च्या दशकातला ऑर्गन होता, त्याच्या लाकडी कपाटावर ग्रिनलिंग गिबन्सचं कोरीवकाम. मेंडेल्सन हा संगीतकार तो वाजवून गेलेला. तो ऑर्गन मध्यभागी आडव्या कठड्यावर उभा असायचा. व्हिक्टोरियन लोकांना दारापासून वेदीपर्यंत सरळ नजर हवी झाली, कठडा काढला, ऑर्गन हलवला. १८७२ मध्ये विलिसने काय करावं? ते कपाट दोन भागांत करून गायकांच्या बाकांच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर उभं केलं आणि आत स्वतःचा ऑर्गन भरला. स्मिथचा आवाज कुठे गेला?

डरहॅमलाही जुनं मोडून नवं. आपल्याकडे गावातल्या जुन्या सागवानी सभामंडपाच्या जागी संगमरवर आणि ग्रॅनाइट बसवतात, तसलंच. कारागिरी उत्तम असेल, पण आधीच्या कारागिराचं काय?

---

काळी पाच

मुद्दा गंभीर आहे, पण कठडा काढायचा निर्णय विलिसचा नव्हता. तो आला तेव्हा जुना ऑर्गन आधीच जागचा हलवलेला होता. त्याच्यापुढचा प्रश्न तांत्रिक होता: नळ्या दोन्ही बाजूंना, मधे रुंद मोकळी जागा, आणि वादक एकाच बाजूला बसणार. लाकडी काड्यांनी पट्टीचा जोर पलीकडे कसा नेणार? त्याने जमिनीखालून शिशाच्या बारीक नळ्या नेल्या. पट्टी दाबली की या नळीतून हवेचा ठोका पलीकडे जातो आणि तिथला छोटा भाता झडप उघडतो. इंग्लंडात एवढ्या अंतरावर हे आधी कुणी केलेलं नव्हतं. यामुळेच गायक दोन्ही बाजूंना आणि ऑर्गनही दोन्ही बाजूंना, अशी आज आपल्याला ओळखीची असलेली मांडणी जमली.

---

वास्तुपुरुष

तंत्राला माझा सलाम आहेच. मी विचारलं ते आवाजाचं.

---

मर्सीकाठची

वास्तुपुरुष, स्मिथच्या ऑर्गनला पायपट्ट्या नावापुरत्या, हवा कमी, आणि तो मुळात बांधलेला छोट्या गायकवृंदाच्या साथीसाठी. १८७२ मध्ये त्या घुमटाखाली हजारोंची प्रार्थना व्हायला लागली होती. जॉन स्टेनर त्याच वर्षी तिथे वादक म्हणून आला आणि त्याने सगळा गायकवृंद सुधारायला घेतला. त्याला स्मिथचा ऑर्गन पुरला नसता.

---

वास्तुपुरुष

पुरला नसता हे मान्य. न पुरणाऱ्या वस्तूचं काय करायचं हाच तर आमच्या धंद्यातला रोजचा प्रश्न.

---

अनुस्वार

विलिसचा स्वतःचा आवाज तरी मूळ रूपात कुठे शिल्लक आहे का? अल्बर्ट हॉलचा तर पुढे दुसऱ्या पेढ्यांनी बदलला ना?

---

काळी पाच

हो, अल्बर्ट हॉलचा १९२० आणि ३० च्या दशकांत हॅरिसन पेढीने बराच बदलला. लिव्हरपूलच्या हॉलला १९४० च्या बॉम्बहल्ल्यात मार बसला, पन्नाशीच्या दशकात नातवाने दुरुस्ती केली. मूळ आवाज ऐकायचा तर ट्रुरो, कॉर्नवॉलमध्ये. १८८७ मध्ये लंडनहून नळ्या-भात्यांसकट सगळा ऑर्गन बोटीने तिथे गेला. कॅथेड्रलही तेव्हा नवं बांधलं जात होतं, त्यामुळे त्यात मोडायला जुना ऑर्गन नव्हता (वास्तुपुरुष, नोंद घ्यावी). त्याच्या आवाजात त्यानंतर जवळजवळ कुणी ढवळाढवळ केलेली नाही.

दुसरा सॉल्झबरीचा. त्याची हकिगत सांगण्यासारखी आहे. १९३४ मध्ये त्याच्या दुरुस्तीचं काम निघालं. तेव्हाचे वादक सर वॉल्टर अल्कॉक. यांनी काय करावं? ऑर्गनचे भाग कॅथेड्रलच्या बाहेरच जाऊ देईनात. कारखान्यात नेले आणि आपल्या नजरेआड कुणी आवाजाला हात लावला तर? आणि दुरुस्ती करणारा कोण परका नव्हता, विलिसचीच पेढी, विलिसचा सख्खा नातू!

---

मिरजकर

अल्कॉकसाहेब शहाणे. जुनी पॅरिस रीडची पेटी दुरुस्तीला दिली आणि परत घेताना आतले सूर बदललेले, असं आमच्या गिऱ्हाइकांच्या बाबतीत दुसरीकडे झालेलं ऐकलंय. समोर बसून काम करून घेणारं गिऱ्हाईक तापदायक असतं, पण वाद्य वाचतं.

---

शंकासूर

म्हणजे फादर स्मिथच्या बाजूने असा अल्कॉक १८७२ मध्ये कुणी नव्हता, एवढंच.

---

वास्तुपुरुष

एवढंच! शंकासूर आणि मी प्रथमच एका बाजूला.

सॉल्झबरीचं ध्वनिमुद्रण शोधून ऐकतो. मिरजकर म्हणतात त्या वजनाच्या जिभा कुठल्या रांगेत ऐकू येतात ते काळी पाच यांनी सांगावं, म्हणजे कान तिथे लावता येईल.

---

काळी पाच

बत्तीस फुटी रीडची रांग आहे सॉल्झबरीला. एखाद्या मोठ्या रचनेचा शेवट ऐका. पायाकडून येणारा खर्ज अचानक रुंद झाला की समजा ती खुंटी ओढली. हेडफोन लावूनच ऐका, मोबाइलच्या स्पीकरमधून तो सूर येणारच नाही.